खुंटाचं कूळ

यंदाच्या अंकाचा विषय ‘वारसा’, असं संपादकांनी कळवलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे वाडा, पोथी, घराणं असलं काही आलं नाही. आला तो मोर्शीजवळचा मामांचा संत्र्याचा बगीचा. तो आता नाही. शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही भावंडं तिथेच पडीक असायचो. भर दुपारीही त्या सावलीत गारवा असे. एका वर्षी गेलो तर सावली विरळ वाटली. पुढच्या वर्षी पानं पिवळी पडली होती, शेंड्याकडच्या काड्या वाळल्या होत्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मामांनी झाडं तोडली. विहीर आटली म्हणून बगीचा गेला, हे कारण घरात ठरून गेलं आणि पुन्हा कुणी विचारलं नाही.

मामेभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणतो. फोनवर विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, खोडं उपटली त्या दिवशी मी तिथेच होतो. बारीक मुळं धरून ओढली की वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. तहानेनं मेलेल्या झाडाचं मूळ वाळतं, कडक होतं, मोडतं. त्याची साल अशी हातात येत नाही. मामांची झाडं मुळाशी कुजून मेली होती. हे मला तीस वर्षांनी कळलं. पितृपक्षात, दादाला बरोबर घेऊन, मी वरूडला गेलो.

एका झाडात दोन झाडं

अमरावतीहून निघून मोर्शी मागे टाकली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना गर्द हिरवे बगीचे सुरू होतात आणि समोर सातपुड्याची निळी रेघ दिसू लागते. इथल्या शेतकऱ्याला शेत किती असं विचारलं तर तो एकर सांगतो आणि त्याच दमात झाडं किती तेही सांगतो. नागपुरी संत्रा म्हणून देशभर जो विकला जातो, त्याचा फार मोठा वाटा या वरूड-मोर्शीच्या पट्ट्यातून जातो. रघुजी भोसल्यांनी अठराव्या शतकात औरंगाबादेकडून संत्र्याची झाडं नागपुरात आणली, असं सांगतात. २०१४ साली या फळाला भौगोलिक मानांकन मिळालं.

आम्ही आधी शेंदूरजना घाटला गेलो. हे गाव संत्र्याइतकंच संत्र्याच्या रोपांसाठी ओळखलं जातं. रोपवाटिकेला इथे पन्हेरी म्हणतात. इथून कलमं मध्य प्रदेशात जातात, पार राजस्थानातही जातात. ज्या पन्हेरीत आम्ही थांबलो तिथे गुडघ्याएवढी हिरवीगार रोपं दाटीनं ओळीत उभी होती. एक पान चुरगळून हुंगलं तर लिंबाचा वास आला. तिथे संत्र्याचं एकही रोप नव्हतं. सगळी जंबेरी.

हिवाळ्यात या रोपांचं खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की सालीला टी अक्षरासारखा छेद देतात. चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, मागे सालीचा ढालीसारखा तुकडा ठेवून, कापून घेतात आणि त्या छेदात सरकवतात. वर प्लास्टिकची पट्टी आवळून बांधतात. डोळा जगला आणि फुटला की वरची जंबेरी छाटून टाकायची. मग ते झाड वीस-पंचवीस वर्षं जगतं. सांध्याच्या वर संत्रा, सांध्याखाली जंबेरी. या खालच्या भागाला खुंट म्हणतात.

दोघं एकमेकांना जगवतात. मूळ पाणी वर पाठवतं, पान साखर खाली पाठवतं. पण त्यांचा वारसा मिसळत नाही. जंबेरीवर चढलं म्हणून संत्र्याचं फळ लिंबाचं होत नाही, आणि संत्र्याशी जोडली म्हणून जंबेरीच्या मुळाला संत्र्याचा गुण लागत नाही. फळाचा रंग, गोडी, सुटी साल हे सगळं डोळ्याबरोबर येतं. मातीतला रोग सोसण्याची ताकद किंवा तिचा अभाव खुंटाबरोबर येतो. बगीचा किती वर्षं टिकणार, हे बहुतेक वेळा या न दिसणाऱ्या अर्ध्या झाडावर ठरतं.

रोपं घ्यायला आलेला माणूस मात्र वरच्या अर्ध्याचीच चौकशी करतो. डोळा कोणत्या बगीच्यातला, तिथलं फळ केवढं येतं, साल किती सैल. दादानं पन्हेरीवाल्यांना विचारलं की जंबेरीचं बी कुठल्या झाडाचं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “खरं सांगू का जी, हे आजवर कोनी इचारलंच नाही.” नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. संत्र्याच्या कलमाचं मात्र मूळही विचारायला हवं आणि त्या मुळाचं कूळही.

पाण्यात पोहणारा रोग

वरूडच्या अलीकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याचा बगीचा आहे. आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला होता. काळ्या भारी जमिनीत पाय घोट्यापर्यंत जात होता आणि बुंध्याशी केलेल्या आळ्यांमध्ये पाणी तुंबलेलं होतं. आंब्या बहाराची फळं रंगावर येऊ लागली होती. सोळा झाडांच्या एका ओळीत पाच झाडं वेगळी दिसत होती. त्यांची पानं लहान, शिरा पिवळ्या, पानोळा इतका विरळ की झाडातून आभाळ दिसावं. फळं मात्र त्यांच्यावरच जास्त होती, सगळी बारकी. झाड मरणाच्या वाटेवर असताना असं लदबदून येतं, हे या भागातल्या जुन्या माणसांना पक्कं ठाऊक असतं.

एका झाडाच्या बुंध्यावर, जमिनीपासून टीचभर वर, तांबूस मधासारखा डिंकाचा गोळा होता. हा डिंक्या. पावसात डिंक विरघळून वाहून जातो, म्हणून पावसाळ्यात तो नीट दिसत नाही. दोन दिवस उघडीप पडली की पुन्हा गोळा धरतो. शेतकऱ्यानं चाकूच्या टोकानं तिथली साल खरवडली. आतली साल हिरवट पांढरी असायला हवी होती. ती ओली, तपकिरी निघाली आणि तिला आंबूस वास होता. मग आम्ही आळ्याच्या कडेची माती उकरली. एक तंतुमूळ मी नखांत धरून ओढलं. साल मोज्यासारखी निघाली, आत पांढरा दोरा राहिला. दादा काही बोलला नाही.

हे काम फायटोफ्थोराचं. अँटन द बारी या जर्मन शास्त्रज्ञानं १८७६ मध्ये ग्रीक शब्द जोडून हे नाव दिलं, अर्थ ‘वनस्पतींचा नाश करणारा’. त्याच्यासमोर होता बटाट्यावरचा करपा, ज्यानं १८४५पासून आयर्लंडातली बटाट्याची शेतं कुजवली आणि दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गेली. संत्र्याच्या मुळाशी असतात ते त्याच घराण्यातले भाऊबंद. आपण सगळे त्याला बुरशी म्हणतो, औषधाच्या डब्यावरही बुरशीनाशकच लिहिलेलं असतं. पण वंशावळीनं तो बुरशी नाही. त्याचं नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी जुळतं. खऱ्या बुरशीची पेशीभित्तिका कायटिनची, याची मुख्यतः सेल्युलोज आणि तशाच शर्करांची. हा फरक पुस्तकी वाटेल, पण त्याचा थेट हिशेब शेतकऱ्याच्या खिशाशी आहे. कार्बेन्डाझिमसारखी औषधं खऱ्या बुरशीवर चालतात, याच्यावर नाही. डिंक्या दिसला म्हणून ते औषध बुंध्याशी ओतणारे लोक या तालुक्यातही भेटतात. पैसे जातात, झाडही जातं.

त्याची दुसरी खूण म्हणजे त्याला पोहता येतं. जमीन पाण्यानं भरली की त्याच्या पिशव्यांतून डोळ्यांना न दिसणारे बीजाणू बाहेर पडतात. प्रत्येकाला दोन शेपट्या. मातीच्या कणांमधल्या पाण्यातून ते पोहतात आणि कोवळ्या मुळातून जो रस पाझरतो त्याच्या रोखानं जातात. मुळाला टेकले की शेपट्या टाकून देतात, कवच धरतात आणि तंतू आत घुसवतात. जमीन सुकली तर जाड भिंतीचे बीजाणू मातीत तसेच पडून राहतात, वर्षानुवर्षं.

आता बुंध्याशी केलेलं आळं पुन्हा डोळ्यांपुढे आणा. बगीच्याची अर्धी शोकांतिका त्या आळ्यात आहे. मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही, मग उन्हाळ्यात ते तहानेल्या झाडासारखं दिसतं. पानं मलूल होतात, गळतात. शेतकऱ्याला वाटतं पाणी कमी पडतंय. तो आणखी खोल बोअर मारतो आणि आणखी पाणी बुंध्याशी सोडतो. म्हणजे पोहणाऱ्या शत्रूला तळं बांधून देतो. वरूड तालुक्यात भूजलाचा उपसा इतका झाला की तो सरकारदप्तरी अतिशोषित ठरला. पाण्याची टंचाई इथे खरी आहेच. २०१९च्या उन्हाळ्यात वरूड-मोर्शीतले बगीचे उभेच्या उभे वाळले, लोकांनी टँकरनं झाडं जगवली, ज्यांना जमलं नाही त्यांनी कुऱ्हाड लावली. पण तहानेनं मेलेलं झाड आणि कुजून मेलेलं झाड वरून सारखंच दिसतं. मामांची विहीर आटली होती, हेही खोटं नव्हतं. उरलेलं पाणी त्यांनी रोज बादलीनं बुंध्यांना घातलं होतं, हे मला आठवतं.

बी, डोळा आणि माती

पन्हेरीवाल्यांनी पिकलेली एक जंबेरी कापून दिली. खडबडीत सालीचं, पिवळं, बोंडशीचं फळ. आत बिया भरपूर. ब्लेडनं एक बी उभी चिरली आणि भिंग धरलं तर आत एका गर्भाऐवजी तीन, एकमेकांना रेलून बसलेले. एका बीतून दोन-तीन रोपं येतात, हे लिंबूवर्गात नेहमीचं. सूक्ष्मदर्शकवाल्या लेवेनहूकनं १७१९ मध्येच संत्र्याच्या बीत हे पाहून ठेवलं होतं.

या तिघांतला एकच आईबापाच्या मीलनातून आलेला असतो. बाकीचे बीजांडातल्या आईच्याच पेशींतून उगवतात, त्यांना बाप नसतो. ती आईची हुबेहूब प्रत असते. बहुतेक वेळा या प्रतीच जोमदार निघतात आणि मीलनातून आलेलं लेकरू मागे पडतं, पानाला वेगळं दिसतं. म्हणून पन्हेरीत वाफ्यातली खुरटी आणि वेगळ्या पानाची रोपं काढून टाकतात. त्यामुळे एका झाडाच्या बियांपासून हजारो सारखे खुंट मिळतात. याच गुणामुळे नवं वाण घडवणं मात्र अतोनात कठीण होतं. दोन झाडांचा संकर करावा तर बीतून आईच्याच प्रती वर येतात. त्यातून खरा संकर सापडलाच तर त्याला फळ धरायला पाच-सात वर्षं, आणि खुंट म्हणून तो कसा टिकतो हे कळायला आणखी पंधरा. माणसाच्या नोकरीत असा एखादाच प्रयोग पुरा होतो.

बियांतून विषाणू सहसा उतरत नाहीत. म्हणजे जंबेरीचं रोप जन्मतः निरोगी असतं. आजार त्याला दोन वाटांनी मिळतो. विषाणू आणि शिरांतले जिवाणू संत्र्याच्या डोळ्याबरोबर येतात. ज्या झाडाचा डोळा घेतला ते आतून आजारी असेल तर त्याचा आजार प्रत्येक कलमाला जातो. आणि फायटोफ्थोरा पन्हेरीच्या मातीबरोबर येतो. वर्षानुवर्षं त्याच वाफ्यात रोपं घेतली, पाणी पाटानं दिलं, की वाफा रोगानं भरतो. कलम मातीच्या गोळ्यासकट निघतं आणि नव्या, स्वच्छ जमिनीत ती माती बसते. वारसा म्हणून आपण फक्त बी धरतो. इथे बी, डोळा आणि माती अशी तिन्ही मिळून लेकराला देतात, आणि सगळ्यात निष्पाप त्यात बी असतं.

नागपुरात १९८५ साली राष्ट्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्र सुरू झालं, आज ती केंद्रीय संस्था आहे. तिथे या दोन्ही वाटा बंद करण्याचं तंत्र बसवलं आहे. उन्हाळ्यात ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून ती तापवायची, म्हणजे रोगाचे बीजाणू मरतात. मग रोप जमिनीत न लावता त्या मातीच्या पिशवीत, जाळीखाली वाढवायचं. आणि मातृवृक्षासाठी शेंड्याचं सूक्ष्म कलम. कोवळ्या शेंड्याचा अगदी टोकाचा ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा कण, म्हणजे ज्वारीच्या दाण्याच्या विसाव्या भागाएवढा, सूक्ष्मदर्शकाखाली कापून परीक्षानळीतल्या रोपावर बसवतात. इतक्या टोकाला विषाणू सहसा पोचलेला नसतो. पिशवीतलं असं रोप पाटाच्या पन्हेरीतल्या रोपापेक्षा महाग पडतं. पाचशे झाडं लावणारा माणूस त्या फरकापाशी अडतो, आणि मला त्याला दोष देववत नाही. पण दहाव्या वर्षी ऐन फळावर आलेलं एक झाड जातं तेव्हा त्या फरकाच्या कितीतरी पट जातं.

उदासी

मग जंबेरीच का? दुसरा खुंट नाही का? हा प्रश्न मी पन्हेरीत विचारला, शेतात विचारला, आणि त्याचं उत्तर शोधायला मला वरूडपासून फार लांब जावं लागलं.

पोर्तुगालच्या अझोर बेटांवर संत्र्याच्या बागा होत्या, बियांपासून वाढवलेल्या, खुंट नसलेल्या. १८३० आणि ४०च्या दशकांत तिथे डिंक्या पसरला आणि बागा बसल्या. लोकांनी पाहिलं की आंबट नारिंगाचं झाड त्याच मातीत धड उभं आहे. मग गोड संत्र्याचा डोळा आंबट नारिंगावर बांधायला सुरुवात झाली. भूमध्य समुद्राभोवती, पुढे अमेरिका खंडात तोच खुंट झाला. सांध्याच्या खाली रोग सोसणारी साल, वर गोड फळ. प्रश्न सुटला असं शंभर वर्षं वाटलं.

१९३०च्या दशकात ब्राझील आणि अर्जेंटिनात झाडं पाहता पाहता सुकू लागली. रोग एक विषाणू पसरवत होता आणि विषाणू पसरवत होता मावा. गोड संत्र्याचं झाड एकटं असेल तर तो विषाणू सोसतं. पण संत्रा आणि आंबट नारिंग जोडलेले असले की सांध्याखालच्या अन्नवाहिन्या मरतात आणि मुळं उपाशी पडतात. ज्या खुंटानं डिंक्यापासून वाचवलं तोच आता मरणाचं कारण झाला. लक्षावधी झाडं गेली. लोकांनी रोगाला नाव दिलं त्रिस्तेझा, त्यांच्या भाषेत उदासी.

ब्राझीलनं मग खुंट बदलला. त्यांनी निवडलं रंगपूर लिंबू, आपल्या जुन्या बंगालातल्या रंगपूरच्या नावाचं. ते उदासी सोसतं, दुष्काळही सोसतं. काही दशकांत तिथल्या बहुतेक बागा त्यावर उभ्या राहिल्या. आणि या शतकाच्या तोंडावर तिथे नवाच रोग आला, रंगपूरवरची झाडं अकस्मात मारणारा.

आपल्याकडे उदासीचा विषाणू जुना, घरातलाच. म्हणून आपल्या पूर्वजांच्या हाती जो खुंट टिकला तो उदासी सोसणारा होता, म्हणजे जंबेरी. ती जोमानं वाढते, झाड लवकर मोठं करते, फळ भरपूर देते. फक्त फायटोफ्थोरापुढे ती फार हळवी आहे. आणि आपण तिला काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत लावून बुंध्याशी आळं केलं. मामांच्या बगीच्याला विष देणारा असा कुणी एक नव्हता. कुणीतरी फार पूर्वी एका रोगाशी केलेला सौदा होता, त्याची किंमत दुसऱ्या रोगानं वसूल केली.

एकाच आईबापाची लेकरं

गेल्या काही वर्षांत लिंबूवर्गाच्या जनुकांची वंशावळ उलगडली. तिच्यात मला सगळ्यात नवल वाटलं ते हे, की जंबेरी आणि रंगपूर लिंबू दोन्ही संकरच आहेत आणि दोघांचं कूळ एकच. आईकडून संत्र्याचं घराणं, बापाकडून महाळुंग. तेच महाळुंग, ज्याचं लोणचं घालतात. महाळुंग डिंक्यापुढे नाजूक. तरीही त्याच जोडीच्या दोन लेकरांपैकी रंगपूर हा रोग जंबेरीपेक्षा बरा सोसतं, दुष्काळही बरा सोसतं. आईबापांची पत्त्यांची जोडी एकच, पण प्रत्येक लेकराच्या हातात डाव वेगळा येतो. विदर्भासाठी जंबेरीबरोबर रंगपूरच्या खुंटाची शिफारस होते ती म्हणून. पन्हेरींत मात्र अजून जंबेरीचंच राज्य आहे, कारण तिचं रोप लवकर पेन्सिलीएवढं होतं आणि गिऱ्हाईक विचारत नाही.

वारशानं मिळणारा प्रतिकार दोन तऱ्हांचा असतो. पहिली तऱ्हा हॅरॉल्ड फ्लोर यांनी १९४०च्या दशकात अमेरिकेत उलगडली, आणि तीही आपल्या ओळखीच्या पिकावर, जवसाच्या तांबेऱ्यावर. जवसातलं एक जनुक तांबेऱ्यातल्या एका ठरावीक जनुकाला ओळखतं. ओळख पटली की त्या जागेच्या पेशी स्वतः मरून जातात आणि रोग तिथेच कोंडला जातो. वऱ्हाडात पिकाची राखण करायला रात्री जागलीला जातात. हा प्रतिकार त्या जागल्यासारखा, ज्याला चोराचा एकच चेहरा ठाऊक आहे. चोरानं चेहरा बदलला की जागल्या शेजारून जाऊ देतो. बटाट्याच्या करप्यावर असे जागले रानटी जातींतून आणले गेले, एकामागून एक फसले. दुसऱ्या तऱ्हेत एक जागल्या नसतो, सगळं गाव अर्धवट जागं असतं. अनेक जनुकं थोडं थोडं काम करतात. एक सालीतली जखम लवकर भरतं, दुसरं रोगाला जाचणारी द्रव्यं साठवतं, तिसरं कुजलेल्या मुळांच्या जागी भराभर नवी मुळं फोडतं. रोग येतो, झाड मरत नाही. खुंटांतला फायटोफ्थोराचा प्रतिकार बहुतेक या दुसऱ्या तऱ्हेचा आहे, म्हणून तो पूर्ण नसतो आणि म्हणूनच जास्त टिकतो.

याच तालुक्यात संत्र्याच्या शेजारी तूर उभी असते, तिचं उदाहरण शेतकऱ्याला लगेच पटतं. तुरीचा मर रोगही मातीतलाच, फ्युजेरियमचा, ही मात्र खरी बुरशी. त्यावर उपाय शोधताना शास्त्रज्ञ मुद्दाम रोगानं भरलेल्या वाफ्यात शेकडो वाणं पेरतात. बहुतेक मरतात. जी उरतात त्यांचं बी पुढे जातं. हैदराबादच्या इक्रिसॅटचं ‘आशा’, बदनापूरचं बीएसएमआर ७३६ ही वाणं अशी मर आणि वांझ हे दोन्ही रोग सोसणारी. शेतकऱ्यानं बियाण्याची पिशवी बदलली की एका हंगामात शेत बदलतं. संत्र्यात ही सोय नाही. खुंट चुकला तर ती चूक वीस वर्षं शेतात उभी राहते, दर बहाराला खत मागते, पाणी मागते.

चीनकडचं त्रिपर्णी नावाचं काटेरी झुडूप आहे, तीन-तीन पानांचं. ते उदासीलाही दाद देत नाही, फायटोफ्थोरालाही फारशी नाही. मग तेच का लावत नाही? कारण आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी आहे. तिथे त्याला लोह मिळत नाही, पानं पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात आणि झाड खुरटतं. म्हणून त्याचा चांगुलपणा संकरातून घ्यायचा आणि चुन्याचं वावडं मागे ठेवायचं, हे काम जगभर चाललं आहे. जी बीतली प्रत पन्हेरीवाल्याला हवी असते, तीच या कामात आडवी येते.

आणि दाराशी आणखी एक उभा आहे. सायला नावाची बारकी कीड ज्याला झाडाझाडांत नेते तो ग्रीनिंगचा जिवाणू. २००५ मध्ये तो फ्लोरिडात सापडला आणि वीस वर्षांत तिथलं संत्र्याचं उत्पादन दशांशाच्या आसपास आलं. लागवडीतल्या कुठल्याही संत्र्याकडे त्याच्यावर खात्रीचा वारसा नाही; थोडीफार ताकद ऑस्ट्रेलियातल्या रानटी भावंडांत दिसते. तो विदर्भातही आहे. म्हणून डोळा कुठून आला हे विचारणं आता पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे.

विळ्यावरचं तांबं

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बगीच्यात शेतकरी बोर्डो मलम करत होता. एका प्लास्टिकच्या बादलीत पाच लिटर पाण्यात एक किलो मोरचूद विरघळलेलं, निळंभोर. दुसरीत पाच लिटरमध्ये एक किलो कळीचा चुना. दोन्ही एकत्र ओतले, काठीनं ढवळलं, रंग आभाळी झाला. मग त्यानं कंबरेचा विळा काढला, पातं मिश्रणात बुडवलं, थोडा वेळ धरलं आणि उन्हात पाहिलं. पात्यावर तांबूस थर चढला असता तर मोरचूद जास्त आहे, सालीला भाजेल, चुना आणखी घालायचा. पातं स्वच्छ होतं. हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्दोचं. मिलार्दे यांनी १८८५ मध्ये ते द्राक्षाच्या केवड्यासाठी सांगितलं, आणि तो केवडाही फायटोफ्थोराच्याच गोतातला. त्याच काळात फ्रान्समधल्या द्राक्षवेली मुळावरच्या किडीनं मरत होत्या आणि अमेरिकेतल्या रानवेलींचे खुंट आणून त्यांना वाचवलं गेलं. आज नाशिकचा द्राक्षवाला बाग लावताना आधी डॉग्रिज आहे ना, असं खुंटाचं नाव घेतो, मग वाणाचं.

शेतकऱ्यानं डिंकाची जागा खरवडून निरोगी साल दिसेपर्यंत साफ केली आणि ब्रशनं गुडघ्याच्या वरपर्यंत मलम लावलं. बगीचा निळ्या मोज्यांतला दिसू लागला. नंतर फावडं घेऊन त्यानं बुंध्याजवळचं आळं बुजवलं. खोडाभोवती मातीचा उंचवटा, त्याच्या बाहेर गोल दांड, पाणी तिथेच. याला दुहेरी आळं म्हणतात. खोड कोरडं राहतं, मुळांच्या टोकांना ओल मिळते. हे काम मामांनीही केलं असतं, कुणी सांगितलं असतं तर.

ओळीत एक नांग होता, मागच्या वर्षी गेलेल्या झाडाचा. तिथे त्यानं पिशवीतलं कलम आणून ठेवलं होतं. दादानं ते उचलून पाहिलं. “खुंट?” “रंगपूर हाय जी. फिरून आनलं.” सांधा खोडावर स्पष्ट दिसत होता, एक बारीक गाठ, तिच्याखाली साल जराशी वेगळ्या रंगाची. खड्ड्यात माती भरून त्यानं कलम उभं केलं, पिशवी चिरून बाजूला काढली आणि माती दाबली. माती गाठीच्या जवळ आली तसा तो थांबला. हाताची वीत जमिनीवर टेकवली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मोजलं. गाठ वितीच्या वर चार बोटं होती. मग त्यानं ओंजळभर माती परत काढली आणि घागर उचलून पाणी कडेच्या दांडात सोडलं.